दाराबाहेर गेलेले सव्वीस लाडू

…आणि टोपी पडली चारीच्या पाण्यात. काल इथंच आलो होतो, नाही का? तेवढ्यात चहा आला, आणि टोपी बिचारी तिथंच राहिली. तर ती आधी बाहेर काढू, मग पुढं जाऊ.

पंधरा ऑगस्टचा दिवस. लासुर्ण्याची मराठी शाळा. इस्माईल दुसरीत. झेंडावंदन झालं आणि गुरुजींनी प्रत्येकाच्या हातावर एकेक बुंदीचा लाडू ठेवला. बाकीच्या पोरांनी तो उभ्या जागी संपवून हात चड्डीला पुसले. इस्माईलनं डोक्यावरची टोपी काढली, लाडू टोपीत ठेवला आणि टोपी पोटाशी धरून घरची वाट धरली. कारण घरी उंबऱ्यावर तीन वर्षांची रशीदा बसलेली. तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं, "येताना आणतो, रडू नको." वाटेत उसाला पाणी देणारी चारी, चारीवर आडवा टाकलेला ओंडका, आणि ओंडक्यावर शेवाळ. पाय सटकला. टोपी पाण्यात, लाडू टोपीत, इस्माईल काठावर. त्यानं उडी मारून टोपी धरली खरी, पण तोवर लाडवाची पेज झाली होती. गडी तसाच ठिबकत घरी गेला. बहीणभावांनी टोपी दोन बाजूंनी धरली आणि चोखली. "तेवढी गोड टोपी पुन्यांदा कुठं भेटली न्हाय," असं इस्माईलतात्या आज अडुसष्टाव्या वर्षीही सांगतात, आणि सांगताना जीभ अशी फिरवतात की ऐकणाऱ्याला सुताची चव यावी.

ही गोष्ट लासुर्ण्यात कुणी ऐकली नाही असा माणूस नाही. फाट्यावरच्या तात्यांच्या सायकल दुकानात पंक्चर काढायला आलेल्या प्रत्येकानं, ट्यूब वाळेपर्यंत ती ऐकलेली आहे. आता दुकान त्यांचा मुलगा मुजम्मिल बघतो, मोटारसायकलींचं काम जास्त असतं, पण बाकड्यावर तात्या आहेत आणि गोष्टीही आहेत. मुजम्मिलची मुलगी अंजुम हिनं तर ही टोपी पाळण्यात असल्यापासून ऐकली. तात्यांनी "पंधरा ऑगस्टचा" म्हणायचा अवकाश, ती पुढून "टोपी गोड लागली, कळलं आबा" म्हणून मोकळी. इतक्यांदा ऐकलेली गोष्ट माणसाला ऐकूच येत नाही. घासलेल्या टायरला रस्ता धरून ठेवता येत नाही, तसं होतं.

आणि सगळं पुढचं रामायण त्यामुळंच झालं.

अंजुमचं लहानपण दुकानातच गेलं. तीन वर्षांची असल्यापासून ती पंक्चरच्या सोल्यूशनच्या रिकाम्या डब्या ओळीनं मांडून त्यांची शाळा भरवायची. एक डबी रोज रडकी असायची. त्या डबीला ती कडेवर घेऊन फिरायची आणि बाकीच्या डब्यांना सांगायची, "हिची आई कामाला गेलीय, हिला कुणी हसायचं नाही." तात्या ते बघत बसायचे आणि गिऱ्हाईक खोळंबायचं. पोरगी शिकली. बारामतीच्या कॉलेजला एसटीचा पास काढून गेली, बी.एस्सी. झाली आणि मग म्हणाली, एम.एस्सी. करायचीय. विषय काय, तर लहान मुलांची वाढ. त्यातही तीन ते सहा वर्षांची.

शेजारचे सावळाराम बागायतदार माणूस. तोंड मात्र कोरडवाहू. ते दुकानावर येऊन म्हणाले, "इस्माईल, पोरं खेळवायला यमयस्सी लागती व्हय रं? आमच्या म्हातारीनं अकरा खेळवली, ती अंगठेबहाद्दर होती."

तात्यांनी पान्हा खाली ठेवला. "सावळाराव, ऊस लावताना बेणं निवडून घेता का न्हाय? डोळा फुगलाय का, कीड हाय का, बघता का न्हाय?"

"बघतो की."

"मग उसाचं बेणं बघायला तुमच्यासारखा शहाणा लागतो, आन् माणसाचं बेणं बघायला कुणीच नको?"

पुढं महिनाभर सावळाराम अंजुमला "बेणंवाल्या बाई" म्हणायचे, आणि रस त्यांच्या गुऱ्हाळावर आला की आधी एक तांब्या तिच्यासाठी धाडायचे.

आता अभ्यास काय होता तो नीट सांगतो, म्हणजे पुढं अडायला नको. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक संशोधन करावं लागतं. अंजुमनं विषय घेतला धीर. लहान मुलाला धीर धरता येतो का, हे बघायचं. पद्धत जुनी, जगात बऱ्याच ठिकाणी वापरलेली. खोलीत मुलाला एकट्याला पाटावर बसवायचं. समोर ताटलीत एक राजगिऱ्याचा लाडू. त्याला सांगायचं, "आत्ता खायचा असेल तर खा, पण मग एकच. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील." आणि आपण दहा मिनिटं आडोशाला जाऊन बघायचं. कागदावर दोन चौकटी: थांबलं, थांबलं नाही. त्यातल्या एकीत खूण करायची. तीस मुलं बारामतीतल्या एका बालवाडीतली आणि तीस मुलं भिगवणजवळच्या एका मासेमारांच्या वस्तीवरच्या अंगणवाडीतली. आईबापांच्या सह्या घेतल्या, सही न येणाऱ्यांचे अंगठे घेतले.

भिगवण का, तर तिथं रशीदा. तीच ती, टोपीतली. लग्न होऊन तिकडं गेली, नवऱ्याचा मासळीचा धंदा, आता चौसष्टीची आहे. दुपारी टेकायला घर, खायला चिलापी माशाचं कालवण आणि बोलायला भाऊ. तिनं आग्रहच धरला, "पोरीला एकटीला धाडू नगं, दादा. तूबी ये."

दादा काय, एका पायावर तयार. आपली जुनी एम-एटी काढली, तिला नवा प्लग टाकला, नातीला मागं बसवलं, लाडवांचा डबा पुढं दोन्ही पायांत ठेवला आणि कळसच्या रस्त्यानं निघाले. सात दिवस ते असे गेले-आले. रस्त्यात भेटेल त्याला गाडी थांबवून सांगायचे, "नात हाय माझी. संशोधन करती." एकदा तर रोहित पक्षी बघायला आलेल्या पुण्याच्या मोटारीला थांबवून सांगितलं. ते लोक म्हणाले, "पक्ष्यांचं का?" तात्या म्हणाले, "पक्ष्यांचं न्हाय, पिल्लांचं."

अंगणवाडीची एक खोली आणि मागं स्वयंपाकाची खोपटी. अंजुम खोपटीच्या दाराच्या फटीतून बघायची. बाकीची पोरं घेऊन दिपालीताई, म्हणजे अंगणवाडीच्या सेविका, पलीकडं देवळाच्या ओट्यावर गाणी म्हणत बसायच्या. आणि पुढच्या दारासमोर, बाभळीच्या सावलीत, डांबर लावायला उलटी घातलेली एक होडी होती. तिच्यावर तात्या बसायचे. त्यांना अंजुमनं बजावलं होतं, "आबा, आत यायचं नाही. आणि पोरांना गोष्टी सांगायच्या नाहीत, नाहीतर माझा सगळा अभ्यास बिघडेल."

"तोंडाला कुलूप," तात्या म्हणाले.

आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते खरंच लावलं. हीच तर गंमत.

बारामतीच्या तीस मुलांपैकी एकवीस थांबली. कुणी डोळे मिटून बसलं, कुणी ताटली लांब सरकवली, एकीनं लाडवाला पाठ करून गाणं म्हटलं. आणि वस्तीवरची? तीसपैकी चार थांबली. सव्वीस मुलांनी मिनिटा-दोन मिनिटांत लाडू उचलला आणि पुढच्या दारातून धूम ठोकली. अंजुम फटीतून बघायची, "थांबलं नाही"च्या चौकटीत खूण करायची आणि पुढच्या मुलाला बोलवायची. एकामागून एक सव्वीस खुणा. तिला वाईट वाटायचं, पण कागद कागद असतो.

तिनं सगळं लिहून काढलं आणि गाइड स्वरूपा मॅडमनी ते वाचून पाठ थोपटली. मग एके दिवशी पत्र आलं. बारामतीत विद्यार्थ्यांच्या संशोधनाचा मोठा मेळावा होणार, शंभरावर निबंध आले होते, त्यातले आठ मंचावरून मांडायला निवडले, आणि त्या आठांत अंजुम इस्माईल… नाही नाही, अंजुम मुजम्मिल मुलाणी. तात्यांनी पत्र दुकानात चारदा मोठ्यानं वाचलं आणि चारही वेळा आपलंच नाव मधे घातलं. पहिल्या नंबराला पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती होती. पोरीची पीएच.डी. त्या एका दिवसावर टांगलेली होती म्हणा ना. मुजम्मिलनं त्या दिवशी सगळी पंक्चरं फुकट काढली.

मेळाव्याला तीन दिवस राहिले होते. संध्याकाळची वेळ, दुकान आवरलेलं. अंजुम म्हणाली, "आबा, बसा. मी मंचावर बोलणार तसं बोलून दाखवते. मधे बोलायचं नाही."

तात्या खुर्चीत ताठ बसले, जणू तेच परीक्षक. अंजुम छान बोलत होती. घाई नाही, अडखळणं नाही. तात्यांना निम्मं कळत होतं आणि निम्मं नुसतं गोड लागत होतं. शेवटी ती म्हणाली, "यावरून असं दिसतं, की वस्तीवरच्या मुलांमध्ये धीर धरण्याची, स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता शहरातल्या मुलांपेक्षा बरीच कमी आहे."

"कुणाची?" तात्या म्हणाले.

"वस्तीवरच्या मुलांची. मधे बोलायचं नाही म्हटलं ना?"

"अगं पर ताबा कमी कसा? त्यांनी लाडू खाल्ला कुठं?"

अंजुमनं कागद खाली घेतला. "म्हणजे?"

"खाल्लाच न्हाय कुणी. चारदोन असतील खादाड, त्ये सोड. बाकीची पोरं दारातनं बाहेर आली की शर्यत लागल्यागत काठाकडं पळायची. तितं बाया जाळी निवडत बसलेल्या असायच्या, त्यांच्या मांडीवर बारकी पोरं. ह्यांनी लाडू दगडावर ठिवायचा, फोडायचा, आन् बारक्याच्या तोंडात घालायचा. रोज बघत व्हतो की मी."

"सात दिवस?"

"सात दिवस."

"आणि मला एकदाही सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायसारखं काय हाय?" तात्यांना खरंच नवल वाटलं. "खाऊ हातात पडला तर धाकट्याला द्यायचाच असतो. ह्यात बातमी काय?"

अंजुम त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही शेजारच्या म्हशीनं कान हलवला तरी मला फोन करून सांगता. हे सांगितलं नाही. खरं बोला."

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. इथं एक गोष्ट सांगायला हवी. तात्यांना साखरेचा आजार. उसाच्या मुलखातल्या माणसाला ही शिक्षा वरच्यानं का दिली कुणास ठाऊक, पण दिली. घरात त्यांच्या खाण्यावर पहारा अंजुमचा. दर रविवारी बोटाला सुई टोचून आकडा लिहायची तीच.

"त्यो साद हाय न्हवं," तात्या खाली बघत म्हणाले, "चार वर्साचा, पुढचा दात पडलेला. एकुलता एक. त्यो लाडू घिऊन बाहेर आला, हिकडं बघितलं, तिकडं बघितलं. आई बाजारला गेल्याली. मग आला माझ्याकडं, होडीवर चढून बसला, लाडू फोडला आन् अर्धा म्होरं केला. म्हनला, घ्या की तात्या."

"आणि तुम्ही घेतलात."

"पोराचं मन मोडायचं व्हय?"

"आबा!"

"अर्धाच गं. राजगिऱ्याचा. त्याला काय गोड म्हनत्यात?"

म्हणजे बघा. पोरीनं साठ मुलांचा अभ्यास केला, आणि त्यातला एक पुरावा आजोबा खाऊन बसलेले. तो सांगितला तर रागं भरेल म्हणून त्यांनी बाकीचे पंचवीसही पोटात ठेवले. जन्मभर नको ते सांगत आलेला म्हातारा नेमकं हवं ते गिळून बसला.

अंजुम हसेल की रडेल असं झालं होतं. ती दुकानाच्या पायरीवर बसली. समोरून उसाच्या मोकळ्या बैलगाड्या चालल्या होत्या. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "आबा, तुमच्या त्या टोपीतल्या लाडवाला शाळेपासून घरापर्यंत किती वेळ लागला?"

"अर्धा तास. पाण्यात पडलो म्हून पाऊण."

"पाऊण तास लाडू हातात, आणि खाल्ला नाही."

"रशीदाचा व्हता की त्यो."

"माझ्या कागदावर तुम्हाला बसवलं असतं," अंजुम म्हणाली, "तर मी तुमच्यापुढं 'थांबलं नाही' अशी खूण केली असती. पहिल्याच मिनिटाला."

तात्यांना आतून कुठंतरी बरं वाटलं. बावीस वर्षं सांगत होते, आज पोरीनं टोपी ऐकली.

तिनं तिथूनच स्वरूपा मॅडमना फोन लावला. फोनचा आवाज मोठा, तात्यांना सगळं ऐकू येत होतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अंजुम, आजोबांनी होडीवरून पाहिलं, ही माहिती झाली, पुरावा नाही झाला. आणि पुरावा नसताना तू मंचावर स्वतःचाच निष्कर्ष खोडलास, तर परीक्षक नंबर देणार नाहीत. आहे तसं मांडलंस तर तुला चांगली संधी आहे, हेही मी सांगते. दोन्हीतलं काय करायचं ते तुझं तू ठरव. कुठलंही ठरवलंस तरी मी तुझ्यामागं उभी आहे."

तात्यांचा चेहरा पडला. आपलं बोलणं पुरावा नव्हे, हे त्यांना अडुसष्ट वर्षांत कुणी इतक्या आदरानं सांगितलं नव्हतं.

अंजुमनं फोन ठेवला. "आबा, गाडीत पेट्रोल आहे?"

"टाकी फुल हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं वस्तीवर. या खेपेला लाडवांचा डबा नव्हता, यादी होती. सव्वीस नावं. अंजुम एकेका झोपडीत गेली, आयांना विचारलं, पोरांना वेगळं विचारलं, मग दोन्ही ताडून बघितलं. दिपालीताई बरोबर होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, म्या तर वट्यावर व्हते, पर माझ्या पोराच्या पिशवीत बी राजगिरा सांडल्याला दिसला व्हता. मला वाटलं, तुमाला ठाव असंल."

सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त जी विचारत होती तिला नव्हतं.

स्वराली नावाची एक पोरगी होती, पाच वर्षांची, नाकात शेंबूड आणि बोलण्यात वकिली. ती मागच्या वेळी पाव मिनिटात पळाली होती. अंजुम तिच्यापुढं उकिडवी बसली.

"स्वराली, तो लाडू कुणाला दिलास गं?"

"गेणूला." गेणू म्हणजे तिचा दीड वर्षाचा भाऊ. तो आईच्या कडेवर बसून अंजुमच्या यादीचं टोक चघळत होता.

"पण मी सांगितलं होतं ना, थांबलीस तर दोन देईन? मग एक गेणूला, एक तुला झाला असता."

स्वरालीनं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी आपण ऊस कसा सोलायचा विचारणाऱ्याकडं बघतो. "तवर आई त्याला घिऊन भिगवणला गेली असती की. नऊला टमटम असती. मग दोन लाडू घिऊन मी काय करू?"

अंजुमचा पेन थांबला. सकाळी नऊ. मासळी घेऊन बाया बाजाराला निघतात, बारकी पोरं कडेवर. त्याच वेळेला ही अंगणवाडीत खेळ लावून बसलेली. लहानपणापासून भिगवणला येणारी, याच बाजाराची चिलापी खाऊन वाढलेली पोरगी, आणि हे लक्षात आलं नाही.

साद मात्र कुणी विचारायच्या आधीच धावत आला आणि तात्यांच्या पायाला मिठी मारून म्हणाला, "तात्या, आज लाडू न्हाय?"

"हळू बोल," तात्या म्हणाले, "न्हाईतर मला सुई टोचंल ती."

संध्याकाळपर्यंत हिशोब लागला. सव्वीसपैकी सतरा मुलांनी लाडू धाकट्या भावंडाला दिला, सगळा किंवा अर्धा. दोघांनी आईला किंवा आजीला. एकानं तात्यांना. चौघांनी स्वतः खाल्ला आणि तसं छातीठोकपणे सांगितलं. दोघं मामाच्या गावाला गेलेली, त्यांचं कळलं नाही. रशीदाच्या ओसरीवर बसून अंजुमनं नवा कागद आखला. दोनच्या जागी तीन चौकटी. तिसरीवर लिहिलं: घेऊन गेलं.

रशीदानं वाकून बघितलं. तिला वाचता येत नाही, पण नातीच्या तोंडावरून कळलं. तिनं विचारलं, "दादा, ही कसली चौकट?"

"ही आपली," तात्या म्हणाले. "तुझी आन् माझी."

रशीदानं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "दादा, ते टोपीचं तू सगळ्यास्नी सांगतो. पर एक सांगत न्हाईस. तू टोपीची तुझी बाजू चोखलीच न्हाईस. नुसता तोंडाला लावून बसला व्हतास. म्या बघितलं व्हतं."

तात्या एकदम म्हणाले, "चिलापी करपती का बघ जरा." आणि उठून बाहेर गेले.

आता मेळावा. नंबर आला नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी जीव टांगून बसायला नको. पहिला नंबर सोलापूरच्या एका मुलीला गेला, आणि तिचं काम खरंच सुरेख होतं, अंजुमनंच सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. शिष्यवृत्ती त्या वर्षी हुकली. दुसऱ्या वर्षी अंजुमनं तीन चौकटींचा अभ्यास पुन्हा, नीट, वेगळ्या वस्त्यांवर आणि दुपारच्या वेळेला केला, आणि मग काय काय झालं ते वेगळं. पण त्या दिवशी ती रिकाम्या हातानं घरी आली, हे खरं.

पण ती बोलली कशी, ते ऐका. मोठं सभागृह, थंडगार, पुढच्या रांगेत परीक्षक. सावळाराम लग्नाला निघाल्यासारखा फेटा बांधून आले होते. तात्या मागून चौथ्या रांगेत, खुर्चीच्या टोकावर, दोन्ही हात काठीवर. अंजुमनं आधी जे लिहून पाठवलं होतं तेच मांडलं, सगळं, सव्वीस खुणांसकट, कमी क्षमतेच्या त्या वाक्यापर्यंत. मग तिनं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "हे मी लिहिलं आणि हे चूक आहे." सभागृहात खुर्च्या करकरल्या. मग तिनं स्वराली सांगितली, नऊची टमटम सांगितली, तिसरी चौकट सांगितली, आणि हेही सांगितलं की हे नंतर विचारून कळलेलं आहे, डोळ्यांनी पाहून नोंदलेलं नाही, म्हणून याला अजून पुरावा म्हणता येणार नाही. सादच्या लाडवाचं आलं तेव्हा आख्खं सभागृह हसलं. सावळारामांनी तात्यांच्या बरगडीत कोपर खुपसलं. "चोर," ते कुजबुजले, "संशोधन खाल्लंस."

शेवटी परीक्षकांतल्या एक पिकल्या केसांच्या बाई, पुण्याहून आलेल्या, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अंजुम, तुमचा पहिला निष्कर्ष तुम्हीच मोडलात, दुसरा अजून सिद्ध नाही. मग मला सांगा, एवढ्या महिन्यांच्या कामातून तुमच्या हाती नक्की आलं काय?"

अंजुमनं मागच्या रांगांकडं बघितलं. काठीवरचे हात तिला दिसले असावेत. दोन दिवस घोटून घोटून पाठ केलेली पुस्तकी भाषा तिच्या तोंडातून कुठल्या कुठं गेली, आणि ती म्हणाली:

"मॅडम, आतनं मला सव्वीस पोरं पळताना दिसली. बाहेर बसलेल्या माझ्या आबांना ती कुणाकडं पळत होती ते दिसलं. म्हणून पुढच्या खेपेला मी बी बाहेरच बसणार हाय, त्या उलट्या होडीवर, आबांच्या शेजारी. फक्त त्यांना कुणी लाडू देऊ नका, त्यांची साखर वाढलीय."